डग्ग्याचा घुमारा, सबवूफरचा दणका

आडनाव काळे. जन्म इंग्लंडचा, वाढला अमेरिकेत. एका हाताशी तबला, दुसऱ्या हाताशी ड्रम मशीन. 'फ्यूजन' हा शब्द ऐकून ज्यांना जांभई येते त्यांनी तर कर्ष काळेला ऐकायलाच हवं!

धनगरी ढोल कानानं ऐकायचा नसतो, पोटानं ऐकायचा असतो. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या पट्ट्यातून पुण्या-मुंबईला नोकरीसाठी आलेल्या मंडळींना हे वेगळं सांगायला नको. गजीनृत्याचा फेर धरलेला असतो, झांजा कडाडत असतात आणि ढोलाची एक बाजू अशी काही घुमते की बघ्यांच्या शर्टाची बटणं थरथरतात. हा अनुभव घेतलेल्या माणसाला लंडनच्या क्लबातलं 'ड्रम अँड बास' समजावून सांगायला पाच मिनिटं पुरतात. न घेतलेल्याला दहा लागतील, एवढंच.

तर आधी ती पाच मिनिटं.

१९६९ साली द विन्स्टन्स नावाच्या अमेरिकन बँडनं 'आमेन, ब्रदर' हे गाणं रेकॉर्ड केलं. गाण्याच्या मध्यावर बाकीचे सगळे थांबतात आणि ड्रमर ग्रेगरी कोलमन एकटाच चार बार वाजवतो. जेमतेम सहा-सात सेकंद. पुढे सॅम्पलर नावाचं यंत्र स्वस्त झालं आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला लंडनमधल्या पोरांनी हे सहा-सात सेकंद धरले, त्यांचा वेग वाढवला, सुरी घेऊन बारीक तुकडे केले आणि ते तुकडे हव्या त्या क्रमानं पुन्हा जोडले. खाली जमैकन साउंड सिस्टिमचा पोटात घुसणारा बास. याला आधी जंगल म्हणत, मग ड्रम अँड बास. वेग मिनिटाला १६० ते १८० ठोके. १९९५ मध्ये गोल्डीचा 'टाइमलेस' आला, १९९७ मध्ये रॉनी साइझ आणि रेप्राझेंट यांच्या 'न्यू फॉर्म्स'ला मर्क्युरी पुरस्कार मिळाला आणि तळघरातलं हे संगीत थेट दिवाणखान्यात पोचलं. कोलमनला मात्र त्या सहा-सात सेकंदांचे काहीच पैसे मिळाले नाहीत. २००६ मध्ये तो गेला. जगातल्या सर्वाधिक वापरल्या गेलेल्या तालाच्या तुकड्याची ही कहाणी आहे, आणि ती फार काही गोड नाही.

आता वळूया आपल्या काळ्यांकडे.

कर्ष म्हणजे उत्कर्ष

पूर्ण नाव उत्कर्ष काळे. १ नोव्हेंबर १९७४ रोजी इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमिचमध्ये एका मराठी कुटुंबात जन्म. तो लहान असतानाच कुटुंब अमेरिकेला गेलं आणि तो वाढला न्यूयॉर्कच्या परिसरात. उत्कर्षचा कर्ष झाला, त्यात नवल नाही. परदेशातल्या आपल्या पोरांच्या नावांचं हे असंच होतं. आडनावाचं स्पेलिंग मात्र जरा घात करतं. ते वाचून अमेरिकन माणूस हमखास 'केल' म्हणणार, म्हणजे सॅलडमधली ती पालेभाजी!

घरात तबला आणि घराबाहेर रॉक, असं ज्यांचं बालपण गेलं त्या पिढीचा हा मुलगा. ड्रम्स तो वाजवतोच, आणि तबला बराचसा स्वतःचा स्वतः शिकलेला आहे. अमुक घराण्याचा गंडाबंध शागीर्द अशी ओळख त्याला नाही. आपल्याकडच्या जाणकारांच्या भुवया इथंच वर जातात. गुरूशिवाय तबला? पण हीच गोष्ट त्याच्या पथ्यावर पडली, असं मला वाटतं. घराण्याच्या शिस्तीत वीस वर्षं घालवलेल्या तबलजीला तबल्याचा आवाज गिटारच्या इफेक्ट्समधून घालायची हिंमत सहजी झाली नसती. कर्षनं तो घातला. त्याचा 'इलेक्ट्रिक तबला' म्हणतात तो हाच. चाटेवरची टिचकी नेहमीसारखीच पडते, पण स्पीकरमधून बाहेर येताना तिला लांबलचक शेपूट फुटलेली असते.

लंडनमध्ये तेव्हा तलविन सिंगनं 'अनोखा' नावाची क्लब नाइट गाजवली होती. त्या नावाचा संग्रह १९९७ मध्ये आला, पाठोपाठ त्याच्या 'ओके' या अल्बमनं १९९९ चा मर्क्युरी पटकावला, आणि 'एशियन अंडरग्राउंड' हा शिक्का जगभर फिरू लागला. न्यूयॉर्कही मागे नव्हतं. डीजे रेखा आणि विवेक बाल्ड यांनी १९९७ मध्ये तिथं 'म्युटिनी' सुरू केलं. आठवडाभर ऑफिसात 'तुझं नाव नीट कसं उच्चारायचं?' या प्रश्नाला उत्तरं देणारी देशी पोरं रात्री तिथं तबला आणि ब्रेकबीटवर घाम गाळायची.

कर्षची मोठी उडी मात्र एका बेसिस्टमुळे. बिल लासवेल हा न्यूयॉर्कचा अवलिया निर्माता. त्यानं आणि झाकीर हुसेन यांनी तबल्याच्या अवतीभवती एक गट उभारला, तबला बीट सायन्स. त्यात झाकीरभाई, त्रिलोक गुर्टू, तलविन सिंग आणि यांच्या पंगतीत पंचविशीतला कर्ष काळे. 'ताला मॅट्रिक्स' हा अल्बम २००० मध्ये आला. पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टर्न ग्रोव्हमधल्या मैफिलीचा अल्बम २००२ मध्ये आला. त्यात उस्ताद सुलतान खान यांची सारंगी आहे आणि इथिओपियाची गायिका गिगी आहे. कर्ष ड्रम्सवर. त्याच्या बाजूला झाकीर हुसेन. म्हणजे शाळेच्या मॅचमधून थेट सचिनसोबत ओपनिंगला! सुलतान खान २०११ मध्ये गेले, झाकीरभाई डिसेंबर २०२४ मध्ये. हा अल्बम आता हाताशी ठेवायलाच हवा.

कायदा, पलटा आणि ड्रॉप

आता खरी गंमत. तबल्याखाली बीट घातला की झालं फ्यूजन, असा समज करून कित्येकांनी दुकानं उघडली. पण ड्रम अँड बासशी तबल्याचं जे नातं जुळलं ते वरवरचं नव्हतं. या दोन गोष्टींचं व्याकरणच एक आहे.

बघा कसं ते. तबल्यात 'कायदा' असतो. ठरावीक बोलांची एक बांधणी. ती घ्यायची आणि तिच्यातलेच बोल उलटसुलट करून पलटे करायचे. अट एकच, बाहेरचा बोल घ्यायचा नाही. जे काही करायचं ते त्याच अक्षरांतून. लंडनच्या पोरांनी कोलमनच्या सहा-सात सेकंदांचं काय केलं? पलटेच केले की! त्यांना कुणी कायदा शिकवला नव्हता, पण सॅम्पलरची मेमरी एवढीशी होती की आहे त्याच तुकड्यांतून सगळं उभं करणं भाग होतं. अडचणीनं त्यांना तबलजी बनवलं.

दुसरी गोष्ट लयीची. ड्रम अँड बास ऐकताना पहिल्यांदा गोंधळ उडतो तो यात. ड्रम्स सुसाट पळत असतात आणि बास मात्र निवांत डुलत असतो. वर १७० चालू असेल तर खाली ८५. नाचणाऱ्यानं ठरवायचं, पायांनी पळायचं की कमरेनं डुलायचं. आपल्याकडे याला नाव आहे. ठाय आणि दुगुन. गायक विलंबित लयीत एकेक स्वर उलगडत बसलाय आणि तबलजी मधल्या जागा भरतोय, हे चित्र आपल्याला नवं नाही. ढोल संथ घुमतो आणि त्यावर झांज दुपटीनं खणखणते, हेही तेच.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात भारी. खाली-भरी. तीनतालाचा ठेका आठवा. नववी मात्रा ओलांडली की डावा हात डग्ग्यावरून घुमारा काढणं बंद करतो. 'धिं'चा 'तिं' होतो, 'धा'चा 'ता' होतो. पायाखालची जमीन काढून घेतल्यासारखं वाटतं. आणि चौदाव्या मात्रेला डग्गा परत येतो, तुम्हाला समेकडे ढकलत नेतो. क्लबमध्ये डीजे काय करतो? बास काढून घेतो. हवेत फक्त हायहॅट आणि एखादा सूर. पब्लिक श्वास रोखून उभं. आणि मग बास येतो, धाडकन! त्याला तिकडे 'ड्रॉप' म्हणतात. आपण याला इतकी वर्षं खालीनंतरची भरी म्हणतोय. फरक एवढाच की आपल्याकडे समेवर मान हलते, तिकडे सगळं अंगच हवेत जातं.

शिवाय डग्ग्याचा घुमारा. तळव्याचा मागचा भाग चामड्यावर दाबून सरकवला की सूर वाकतो, खालून वर सरकतो. ड्रम अँड बासमधला बासही असाच सरकत्या पोटाचा असतो. इलेक्ट्रॉनिक निर्माते त्यासाठी सिंथच्या खुंट्या पिळतात, आपला तबलजी मनगट वळवतो.

कर्ष काळेचं वेगळेपण इथं आहे. त्याला दोन्ही व्याकरणं तोंडपाठ आहेत, त्यामुळे त्याला भाषांतर करावं लागत नाही. आणि तो हातानं वाजवतो. जंगलवाल्यांनी एका ड्रमरला कापून यंत्रात घातलं होतं. यानं यंत्राचा तो वेग पुन्हा माणसाच्या मनगटात आणला. त्यामुळे त्याच्या ट्रॅकमध्ये ठोका किंचित मागेपुढे होतो. तो श्वास घेतो. ग्रिडवर आखून ठेवलेल्या बीटमध्ये हे सापडत नाही.

रिअलाइझ ते ब्रोकन इंग्लिश

पहिल्या अल्बमआधी त्याचा एक ईपी आला होता, 'क्लासिकल सायन्स फिक्शन फ्रॉम इंडिया'. नावातच पत्ता सांगितलाय. मग सॅन फ्रान्सिस्कोच्या सिक्स डिग्रीज या कंपनीनं २००१ मध्ये 'रिअलाइझ' काढला. तेव्हा सीडीची चवड घरी असणं ही प्रतिष्ठेची गोष्ट होती, आणि त्या चवडीत 'रिअलाइझ' असणारा मित्र आपोआपच ग्रुपमधला संगीततज्ज्ञ ठरायचा. त्यातलं 'होम' ऐका. गझल गाणारा विशाल वैद्य त्यात गातो. परदेशात वाढलेल्या मुलाच्या अल्बममध्ये 'घर' नावाचं गाणं असावं यात काही विशेष नाही, पण त्यात रडारड नाही हे विशेष. २००२ मध्ये याच अल्बमचे रीमिक्स 'रीडिझाइन' या नावानं आले.

२००३ चा 'लिबरेशन' जास्त महत्त्वाकांक्षी. तंतुवाद्यांचा मोठा ताफा, सिनेमास्कोप आवाज. पहिल्या ट्रॅकचं नावच 'एपिक'. मला स्वतःला 'रिअलाइझ' जास्त आवडतो, कारण त्यात मोकळी जागा आहे. 'लिबरेशन'मध्ये काही वेळा लग्नाच्या हॉलसारखी गर्दी होते.

आणि २००६ च्या 'ब्रोकन इंग्लिश'मध्ये त्यानं चाहत्यांना गोंधळात टाकलं. बहुतेक गाणी इंग्रजी, रॉकच्या अंगानं जाणारी. तबल्यासाठी आलेले नाराज, रॉकसाठी येणाऱ्यांना पत्ता नाही. २००७ मध्ये अनुष्का शंकरबरोबर 'ब्रीदिंग अंडर वॉटर' आला. पाहुण्यांची यादी बघा, पंडित रविशंकर, नोरा जोन्स, स्टिंग. अल्बम देखणा आहे, नको इतका देखणा. हॉटेलच्या लॉबीत लावला तर कुणी तक्रार करणार नाही, आणि हीच माझी तक्रार आहे.

लाट ओसरल्यावर

एव्हाना एक गोष्ट घडून गेली होती. एशियन अंडरग्राउंडची लाट ओसरली होती. सिताराचा एक तुकडा, 'आऽऽ' करणारी एक बाई आणि खाली बीट, एवढ्या मसाल्यावर निघालेले 'लाउंज' आणि 'चिल आउट' संग्रह रॅकवर धूळ खात पडले. क्लबवाले दुसरीकडे वळले. दक्षिण आशियाई कलाकारांना एका डब्यात कोंबणारं ते लेबलही बऱ्याच जणांना जाचू लागलं होतं. दिसायला एकसारखे म्हणून संगीतही एकसारखं, असं कसं? भांगडा, ड्रम अँड बास, ठुमरी, डब, सगळं एकाच कप्प्यात.

लाटेवर आलेल्या माणसाची खरी परीक्षा लाट गेल्यावर असते. फॅशन म्हणून बोलावलेला पाहुणा फॅशन बदलली की बाहेर. कर्षपुढे दोन रस्ते होते. 'रिअलाइझ' पुन्हा पुन्हा काढत राहायचं आणि एक दिवस नॉस्टॅल्जिया नाइटला वाजवायला जायचं. किंवा हातात असलेली विद्या घेऊन दुसरीकडे बस्तान बसवायचं. त्यानं दुसरा निवडला आणि तो थेट इकडे आला, सिनेमात.

दिल्लीच्या मिडिवल पंडित्झशी, म्हणजे गौरव रैना आणि तपन राज या जोडीशी, त्याची जुनी यारी. २०१० च्या 'कार्तिक कॉलिंग कार्तिक'चं पार्श्वसंगीत त्यांनी मिळून केलं. २०११ मध्ये त्याचा पुढचा अल्बम आला, त्याचं नाव 'सिनेमा'. २०१२ मध्ये 'कोक स्टुडिओ ॲट एमटीव्ही'च्या दुसऱ्या सीझनमध्ये तो होता. आणि २०१९ मध्ये झोया अख्तरचा 'गली बॉय'.

'गली बॉय'ची रॅप गाणी सगळ्यांच्या तोंडी होती. पण त्या सिनेमात दोन गाण्यांच्या मधे धारावीची जी धडधड ऐकू येते ती कर्ष काळे आणि साल्व्हेज ऑडिओ कलेक्टिव्हची. त्या पार्श्वसंगीताला २०२० मध्ये फिल्मफेअर मिळालं. शिवाय 'ट्रेन साँग'. रघू दीक्षितबरोबर कर्षनं ते गायलंय. लोकलच्या दारात लटकून रोज ऑफिस गाठणाऱ्यांना त्या ठोक्याची ओळख करून द्यायची गरज नाही. रुळांच्या सांध्यांवर चाकं जो ताल धरतात तोही एक ब्रेकबीटच आहे. वर पळणारा, खाली डुलणारा.

म्हणजे १९९७ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या तळघरात जे शिजत होतं ते वीस-बावीस वर्षांनी मल्टिप्लेक्सच्या डॉल्बी स्पीकरमधून आपल्या पोटात आलं. त्यावर 'ड्रम अँड बास' असं लेबल नव्हतं, म्हणून कुणी दचकलं नाही.

आपल्या गावचा सॅम्पल

'डॉल्बी'चा विषय निघालाच आहे तर थोडं गावाकडे जाऊ. सांगली-कोल्हापूर-सातारा भागात डॉल्बी म्हणजे मिरवणुकीतली स्पीकरची भिंत. ती वाजवणाऱ्यांसाठी मिक्स बनवणारी पोरं हल्ली तालुक्या-तालुक्यात आहेत. लॅपटॉप, त्यात एफएल स्टुडिओ, आणि हलगी मिक्सपासून लग्नाच्या वरातीपर्यंत सगळी ऑर्डर रात्रीत तयार. या कामाला नाकं मुरडणारे पुष्कळ, आणि आवाजाच्या पातळीबाबत त्यांचं म्हणणं बरोबरही आहे. म्हातारी माणसं, तान्ही मुलं यांनी कुठे जायचं? पण कौशल्य म्हणून बघाल तर हलगीच्या चार ठोक्यांचे तुकडे करून ते नव्यानं जोडणारा पोरगा तेच करतोय जे १९९२ मध्ये लंडनचा पोरगा करत होता. साधनात फरक राहिलेला नाही. कर्षच्या सुरुवातीच्या काळात चांगला सॅम्पलर म्हणजे चैन होती. आज त्याहून शंभर पट ताकद जतच्या एसटी स्टँडवर बसलेल्या मुलाच्या फोनमध्ये आहे.

फरक आहे तो कच्च्या मालात. तयार सॅम्पल पॅक विकत किंवा फुकट उतरवायचे, त्यात 'इंडियन पर्कशन' नावाच्या फोल्डरमध्ये कुणीतरी भलतीकडेच रेकॉर्ड केलेला ढोल असतो, आणि तोच सगळीकडे वाजतो. जत तालुक्यात तर डफळापूर नावाचं गाव आहे, जतच्या डफळे संस्थानिकांचं आडनाव त्यावरूनच आलं. नावात डफ ऐकू येतो हा योगायोग म्हणून सोडून देऊ. पण ज्या मातीत गजीचा फेर आजही धरला जातो, तिथल्या मुलानं दुसऱ्याचा ढोल डाउनलोड करावा ही गोष्ट खटकतेच. बरा मायक्रोफोन घेऊन जत्रेत अर्धा तास उभं राहिलं तर वर्षभराचे तुकडे मिळतील. मात्र कोलमनचं जे झालं ते होऊ देऊ नये. वाजवणाऱ्याला विचारायचं, त्याचं नाव लिहायचं आणि पैसे मिळाले तर त्यातला वाटा द्यायचा.

सुरुवात कुठून कराल?

फोनच्या स्पीकरवर तर मुळीच नको. ड्रम अँड बासमधला खालचा बास साठ हर्ट्झच्याही खाली उतरतो, आणि फोनचा एवढासा स्पीकर तो वाजवूच शकत नाही. म्हणजे तुम्हाला नुसता ड्रम ऐकू येणार, बास गायब. वरणाशिवाय भात! बरे हेडफोन घ्या किंवा ज्याच्या कारमध्ये वूफर आहे असा मित्र गाठा.

पहिल्यांदा 'रिअलाइझ' मधलं 'होम'. मग त्याच अल्बममधलं 'डिस्टन्स'. त्यानंतर स्टर्न ग्रोव्हची मैफल, पण ती घाईत नको, रविवारची दुपार काढून ठेवा. झाकीरभाईंचा हात ओळखू येतोच, प्रयत्न करायचा तो त्यामागे ड्रम्सवर बसलेल्या मुलाकडे कान लावायचा. तो कधी गप्प बसतो तेही बघा. 'लिबरेशन' त्यानंतर, आणि 'ब्रोकन इंग्लिश' आवडला नाही तर वाईट वाटून घेऊ नका, तुम्ही एकटे नाही आहात. शेवटी 'ट्रेन साँग', शक्यतो सकाळी ८.४२ च्या फास्टमध्ये, उभ्यानं.

शेजारचा माणूस मान डोलवायला लागला तर एक इयरफोन त्याला द्या.